धावून जाणाऱ्यांची काळजी

(गणेशोत्सवातील व्याख्यानात केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यान म्हटलं की डॉक्टर किंवा प्राध्यापक बोलावतात. मी यातला कुणीही नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून रेल्वेत लागलो, आणि गेली वीसेक वर्षं रूळ, स्लीपर, खडी आणि पूल यांच्याशी माझा संबंध आहे. पण रुळावर काम करणाऱ्या माणसाला एक गोष्ट टाळता येत नाही. अपघात झाला की डॉक्टर पोहोचायच्या आधी आमची माणसं तिथं असतात. म्हणून कार्यकारिणीने विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, की जखमी माणसाची काळजी कशी घ्यावी हे बरेच जण सांगतात. जखमीला उचलायला जो धावून जातो, त्याच्या हातांची आणि मनाची काळजी कुणी घ्यायची, यावर मी बोलतो. १०८ च्या गाडीवरची मुलं-मुली, अग्निशमन दलाचे जवान, आमचे ट्रॅकमन, आणि मिरवणुकीत काही झालं की सर्वांत पुढे पळणारे आपल्याच मंडळाचे कार्यकर्ते, ही सगळी त्यात आली.

हा विषय या भूमीला नवा नाही, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. सरफोजीराजांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला एक पत्र पाठवलं होतं. त्यात तंजावर राज्यातल्या छत्रांचा कारभार कसा चालतो याची माहिती आहे. रामेश्वरच्या वाटेवर चाललेला यात्रेकरू आजारी पडला तर छत्रात वैद्य, औषध आणि पथ्याचं अन्न मिळे. वाटेत बाळंत होणाऱ्या बाईची सोय होई. कुणी तिथंच मरण पावला तर त्याच्या जातिधर्माप्रमाणे अंत्यविधी होत, आणि मागे पोर राहिलं तर त्याचं खाणं-शिकणं छत्र बघे. ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. राजांच्या धन्वंतरी महालात औषधं तयार होत, आणि डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी चित्रांसकट ठेवल्या जात. त्या आजही सरस्वती महालात आहेत. दोनशे वर्षांपूर्वीच्या मराठी राजाने रस्त्यावरच्या परक्या माणसासाठी एवढी व्यवस्था लावली होती.

आता जवळच्या काळाकडे येतो. कावेरीच्या या त्रिभुज प्रदेशाने २००४ साली जे पाहिलं ते कुठल्याही मुलखाच्या वाट्याला येऊ नये. १६ जुलैला कुंभकोणमच्या शाळेत आग लागली. स्वयंपाकघरातली आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ लेकरं गेली. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, २६ डिसेंबरच्या सकाळी, नागपट्टिणमला समुद्र आत आला. अक्करैपेट्टै, कीचनकुप्पम ही कोळ्यांची गावं धुऊन निघाली. एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांहून जास्त माणसं दगावली.

या दोन्ही वेळी मृतांचे आकडे छापून आले. उचलणाऱ्यांचे आकडे कुणी छापत नाही. कुंभकोणमला ज्यांनी ती लहान लहान शरीरं बाहेर काढली त्यात शेजारपाजारचे लोक होते, जवान होते, इस्पितळातले वॉर्डबॉय होते. त्यांच्याही घरी त्याच वयाची पोरं होती. नागपट्टिणमला तर आठवडाभर प्रेतं निघत होती. ही माणसं पुढे रात्री कशी झोपली असतील?

आधी संसर्गाचं सांगतो, कारण त्यात गैरसमज फार आहेत. त्सुनामीनंतर सगळीकडे एकच भीती होती, की प्रेतांमुळे आता पटकी पसरणार, साथ येणार. म्हणून घाईघाईने सामुदायिक दफनं झाली. प्रत्यक्षात मोठी साथ आली नाही. बुडून किंवा मार लागून मेलेल्या माणसाच्या शरीरात साथीचे जंतू बहुधा नसतातच, हे जागतिक आरोग्य संघटनेने पुढे मार्गदर्शक पुस्तिकेतही स्पष्ट सांगितलं. साथ येते ती घाण पाण्यातून आणि गर्दीच्या छावणीतून. तिथं पाण्यात क्लोरीन टाकलं, मुलांना गोवराची लस टोचली, ते खरं काम होतं. रस्त्यावर पांढरी रांगोळी घातल्यासारखी ब्लीचिंग पावडर भुरभुरून फारसं काही साधत नाही, पण पुढाऱ्यांच्या दौऱ्यात ती दिसते चांगली!

धोका असतो तो प्रेत किंवा जखमी प्रत्यक्ष हाताळणाऱ्याला. रक्त, मल, शरीरातलं पाणी यांच्याशी त्याचा संबंध येतो. कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही, क्षय, जुलाब ही त्याची भीती. यातली कावीळ बी सर्वांत चिवट. तिचा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागातही सात दिवस जिवंत राहू शकतो. लस न घेतलेल्या माणसाला अशा रुग्णाची वापरलेली सुई टोचली, तर शंभरातल्या सहा ते तीस जणांना लागण होते. एचआयव्हीच्या बाबतीत हेच प्रमाण हजारात तीन आहे. लोक घाबरतात एचआयव्हीला आणि लस घ्यायची विसरतात काविळीची. काविळीच्या या लसीचे तीन डोस असतात: पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. धावून जाणाऱ्या माणसासाठी याच्याइतकं स्वस्त चिलखत दुसरं नाही.

दुसरी गोष्ट हात. साबण-पाण्याने पाऊण ते एक मिनिट, किंवा हात दिसायला स्वच्छ असतील तर अल्कोहोलच्या द्रावणाने वीस-तीस सेकंद. हातावर रक्त, चिखल, घाण दिसत असेल तर साबण-पाणीच हवं, द्रावण चालत नाही. रुग्णाला हात लावण्याआधी आणि लावल्यानंतर, दोन्ही वेळा. हातमोजे काढल्यावरही हात धुवायचे, हे शेकडा नव्वद लोक करत नाहीत असं माझं निरीक्षण आहे. मोजा काढताना बाहेरची बाजू आत उलटवत काढायचा. आणि आपल्या धंद्यातल्या मंडळींना जरा लागेल असं बोलतो, बोटातली अंगठी आणि मनगटातला लाल दोरा यांच्या खाली पाणी पोहोचत नाही. सोनं कितीही शुद्ध असलं तरी त्याच्या खालची कातडी शुद्ध होत नाही.

सुईला पुन्हा टोपण घालायचं नाही. अनेक टोचण्या तिथंच होतात. वापरलेली सुई थेट न भोसकणाऱ्या जाड पांढऱ्या डब्यात. एवढं करूनही टोचली, तर ती जागा पिळायची नाही, तोंडाने चोखायची नाही, तिच्यावर ब्लीच किंवा ॲसिड ओतायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची आणि त्याच तासाला वरिष्ठांना सांगायचं. एचआयव्हीपासून बचावाची औषधं शक्यतो दोन तासांत सुरू करावी लागतात. बहात्तर तासांनंतर ती सुरू करण्यात अर्थ उरत नाही, आणि एकदा सुरू केली की २८ दिवस घ्यावी लागतात.

जमिनीवर किंवा गाडीत रक्त सांडलं तर त्यावर जुना कपडा किंवा कागद टाकायचा, वरून एक टक्का क्लोरीनचं पाणी ओतायचं आणि दहा मिनिटं थांबून मग पुसायचं. चांगली ब्लीचिंग पावडर असेल तर एक लिटर पाण्याला साधारण तीस ग्रॅम. रोज ताजं करायचं, कालचं चालत नाही. आपल्या गलाईवाल्या घरांत एक काळजी जास्त घ्यायची. ब्लीच आणि ॲसिड एका मोरीत येऊ द्यायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत तो जीव घेतो. रुग्णवाहिकेत खोकणारा रोगी असेल तर खिडक्या उघड्या ठेवाव्यात. वारा फुकट मिळतो आणि क्षयाच्या जंतूला तो सोसत नाही.

भाजलेल्या माणसाबद्दल दोन शब्द, कारण दिवाळी जवळ आली आहे. कातडी ही शरीराची भिंत. ती जळली की जंतूंना दार उघडं. पहिल्या काही दिवसांतून वाचलेला रोगी पुढे बहुतेक वेळा संसर्गानेच दगावतो. म्हणून भाजल्या जागेवर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी, मग स्वच्छ कापड आणि इस्पितळ. शाई, टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ यातलं काहीही लावायचं नाही. डॉक्टरला आधी ते खरवडून काढावं लागतं, आणि रोग्याला त्याच्या यातना होतात.

हे सगळं पाठ करता येतं. पण पाठ असलेला माणूसही ऐनवेळी का चुकतो? इथं दुसरा विषय सुरू होतो, तो ताणाचा. आणि ताण हा शब्द माझ्या धंद्यातला आहे.

पूर्वी रुळांच्या जोडात फट असायची आणि गाडी खडखड करत जायची. आता आपण लांब सलग रूळ जोडतो. पोलाद तापलं की वाढतं. एक किलोमीटर रूळ मोकळा ठेवला आणि तापमान दहा अंश चढलं, तर तो साडेअकरा सेंटिमीटर लांब होईल. पण आम्ही तो स्लीपरला आवळून टाकलेला असतो. त्याला वाढू देत नाही. मग ती वाढ ताण होऊन रुळाच्या पोटात बसते. वरून काही दिसत नाही. रूळ सरळ आहे, चकचकीत आहे, गाड्या धावताहेत. आणि मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी तोच रूळ सापासारखा वळतो. म्हणून आम्हाला ठराविक कामानंतर रुळाचा ताण काढावा लागतो. त्याला डिस्ट्रेसिंग म्हणतात. रूळ कापायचा, आवळण्या सैल करायच्या, त्याला त्याच्या नैसर्गिक लांबीवर येऊ द्यायचं आणि मग पुन्हा जोडायचा. आणि महत्त्वाचं म्हणजे हे काम गाड्या चालू ठेवून होत नाही. ब्लॉक घ्यावा लागतो. वाहतूक खात्याला ब्लॉक द्यायला जिवावर येतं, पण ते देतात, कारण दिला नाही तर काय होतं हे त्यांना माहीत आहे.

माणसासाठी मात्र ब्लॉक कुणी मागत नाही आणि कुणी देत नाही. तमिळनाडूत १०८ सेवा सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झाली. गाडीवर एक चालक आणि एक प्रशिक्षित तंत्रज्ञ. बारा बारा तासांची पाळी. दुपारी शेतात साप चावलेला, संध्याकाळी बाळंतपण, रात्री मोटारसायकलचा अपघात. एक केस संपली की गाडी धुवायची आणि पुढचा फोन घ्यायचा. करोनाच्या काळात त्यात अंगभर प्लॅस्टिकचा पोशाख आला. त्रिभुज प्रदेशातल्या मे महिन्यात तो चढवून चार तास बसणं म्हणजे काय, हे इडलीलाच विचारावं. त्यातही धोका घालताना कमी आणि काढताना जास्त, कारण काढण्याच्या वेळी माणूस थकलेला, घामाने निथळलेला असतो, आणि तोच हात नकळत तोंडाकडे जातो. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी इकडे सार्वजनिक गणपती बसले नाहीत, आपण घरात आरती केली. ही मुलं त्या दिवशीही रस्त्यावर होती.

२०१८ च्या गज वादळाचं उदाहरण घ्या. १६ नोव्हेंबरच्या पहाटे ते नागपट्टिणम आणि वेदारण्यमच्या मध्ये किनाऱ्यावर आलं. पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी, ओरत्तनाडू या भागातली नारळाची झाडं मुळासकट आडवी झाली, विजेचे खांब पडले, फोन बंद. रुग्णवाहिकेला रस्ता नाही. आधी झाड कापा, मग पुढे जा, पुन्हा झाड कापा. वायरमन दिवसचे दिवस घरी गेले नाहीत. यातल्या कित्येकांची स्वतःची घरंही पडलेली होती.

आमच्याकडचं एक सांगतो. काही वर्षांपूर्वी पापनाशमच्या बाजूला रात्री एक मुलगा गाडीखाली आला. मागे दुसरी गाडी खोळंबलेली, अंधार, पाऊस. आमच्या गँगमधला एक ट्रॅकमन, पन्नाशीचा, हाडापेराने मजबूत माणूस, त्याने घाईत उघड्या हातांनी सगळं गोळा केलं. खडीचं काम करणाऱ्याचे हात कायम चिरलेले असतात. दुसऱ्या दिवसापासून तो कामावर येत होता, काम नेहमीसारखं करत होता. फक्त डबा उघडेना. तीन आठवड्यांनी त्याच्या जोडीदाराने मला सांगितलं, "साहेब, अण्णा रात्री तीन तीन वेळा आंघोळ करतो असं वहिनी म्हणतात." बसवून विचारलं तेव्हा दोन गोष्टी बाहेर आल्या. एक, तो मुलगा त्याच्या नातवाच्या वयाचा होता. दुसरी, आपल्याला त्या रक्तातून काहीतरी लागलं आहे आणि ते आपण घरच्यांना देणार, अशी त्याची खात्री झाली होती. म्हणून तो नातवाला जवळ घेत नव्हता. त्याला डॉक्टरकडे नेलं, रक्त तपासलं, सहा महिन्यांपर्यंत पुन्हा तपासलं, काही निघालं नाही. मधल्या काळात त्याची बीट बदलली, एकट्याने चालायची पाळी काढून घेतली, आणि डॉक्टरांनी थोडे दिवस झोपेचं बघितलं. हळूहळू तो डबा उघडू लागला.

या माणसाला जंतूने काही केलं नाही. जंतूच्या भीतीने आणि गप्प बसण्याने केलं. म्हणूनच मी म्हणतो की हात आणि मन हे दोन विषय वेगळे काढता येत नाहीत. थकलेला माणूस मोजे घालायला विसरतो, पाळीच्या शेवटच्या तासाला सुई टोचून घेतो, आणि ओरडा बसेल म्हणून ते लपवतो. मग बहात्तर तास निघून जातात. आमच्याकडे कीमनला गस्तीत रुळाला तडा सापडला तर त्याला बक्षीस मिळतं. तडा तू पाडलास का, असं त्याला कुणी विचारत नाही. सुई टोचली म्हणून सांगायला येणाऱ्या मुलीला "लक्ष कुठं होतं तुझं?" असं विचारणारे वरिष्ठ मी पाहिले आहेत. ती मुलगी पुढच्या वेळी सांगेल का?

मग काय करावं? भयंकर काही पाहिल्यावर झोप न येणं, चिडचिड होणं, तोच वास पुन्हा पुन्हा येणं, हे आजारपण नव्हे. निरोगी मनाचं ते लक्षण आहे आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत ओसरतं. महिना उलटूनही ओसरलं नाही, किंवा माणूस पिऊ लागला, मरणाचं बोलू लागला, तर डॉक्टरकडे न्यायचं. पूर्वी अशी पद्धत होती, की घटना घडली की लगेच सगळ्यांना एका खोलीत बसवून काय काय पाहिलं ते बोलायला लावायचं. त्याचा उपयोग होत नाही, काहींना उलट त्रासच होतो, असं आढळून आल्यामुळे तज्ज्ञ आता तसं करू नका म्हणतात. सक्तीने बोलतं करायचं नाही. जवळ बसायचं, चहा द्यायचा, घरी फोन लावून द्यायचा, तो बोलला तर ऐकायचं. "अरे, एवढं काय, मर्दासारखा राहा" हे वाक्य तर वर्ज्य. त्सुनामीनंतर बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने नागपट्टिणम भागात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना असंच शिकवलं होतं. आता २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. फुकट आहे, रात्रीही लागतो. वरिष्ठांच्या हातात आणखी थोडं आहे: वाईट केसनंतर त्या जोडीला दोन तास मोकळीक देणं, लागोपाठ रात्रपाळ्या न लावणं, नव्या पोराबरोबर जुना माणूस देणं. आमच्या भाषेत, ब्लॉक देणं.

पुण्यातल्या १८९७ च्या प्लेगची आठवण सगळ्या मराठी माणसांना आहे. सावित्रीबाई फुले त्या साथीत रोग्यांची सेवा करत होत्या आणि १० मार्चला प्लेगनेच गेल्या. आपण त्यांचा त्याग म्हणून गौरव करतो, तो योग्यच आहे. पण तेव्हा त्यांच्या हाती देण्यासारखं संरक्षण फारसं नव्हतं. आज आहे. ते न देता नुसता हार घालणं मला पटत नाही.

विसर्जनाबद्दल एक सूचना. २७ एप्रिल २०२२ च्या पहाटे आपल्या तंजावरजवळच्या कळिमेडूला रथ उच्च दाबाच्या तारेला लागून अकरा माणसं गेली. आता आमच्या मार्गावरही २५,००० व्होल्टची तार आहे. तिच्या दोन मीटरच्या आतही जायचं नाही, प्रत्यक्ष शिवायची गरज नसते. आणि कुणाला धक्का बसलाच, तर प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, तो सख्खा भाऊ असला तरी. हे ऐकायला निर्दय वाटतं, पण एकाचे चार होतात ते याच क्षणी.

शेवटी कार्यकारिणीपुढे ठेवलेला प्रस्ताव सांगतो. रोषणाईच्या खर्चातून काही रक्कम काढून आपले मिरवणुकीचे सगळे स्वयंसेवक आणि जवळच्या नाक्यावर उभ्या राहणाऱ्या १०८ च्या गाडीवरच्या ज्यांची लस राहिली असेल ती मुलं, यांना कावीळ बीचे तिन्ही डोस द्यावेत, आणि मंडपात हातमोजे, साबण, सुईचा डबा असलेली एक पेटी कायमची ठेवावी, असं मी सुचवलं आहे. काही ज्येष्ठांचं म्हणणं, हे सरकारचं काम आहे आणि वर्गणी देवासाठी गोळा केली जाते. त्यांचा मान राखून मी एवढंच म्हणेन की मुक्तांबाळ छत्रही कुणी सरकारी नियमात बसतं म्हणून बांधलं नव्हतं. निर्णय अनंत चतुर्दशीनंतरच्या सभेत होईल. तोवर ज्यांना पहिला डोस स्वतःच्या खर्चाने घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी प्रसादाच्या टेबलाजवळ वही ठेवली आहे. पहिलं नाव माझं आहे, दुसरं आमच्या त्या ट्रॅकमनचं. तिसरी ओळ रिकामी आहे.